‘टु’च्या पुढे ‘हिअर’ की ‘हिअरिंग’?

प्रश्न : मुलाखतीनंतर पाठवायच्या इंग्रजी पत्राच्या शेवटी मी ‘आय लुक फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू’ असे लिहिले होते. सहकाऱ्याने ‘हिअर’ खोडून ‘हिअरिंग’ केले. ‘टु’नंतर क्रियापदाचे मूळ रूप येते, असे आम्ही शाळेत शिकलो. मग बरोबर काय?

उत्तर : सहकाऱ्याची दुरुस्ती योग्य आहे. शाळेतला नियमही खोटा नाही, पण तो दुसऱ्या ‘टु’चा आहे. ‘आय केम टु मीट यू’ म्हणजे ‘मी तुम्हाला भेटायला आलो’. येथे ‘टु मीट’ मिळून ‘भेटायला’ हा एकच अर्थ होतो. ‘लुक फॉरवर्ड टु’मधला ‘टु’ मात्र आपल्या ‘कडे’सारखा, म्हणजे शब्दयोगी अव्ययाच्या जातीचा आहे. आपण ‘उत्तराकडे डोळे लावून बसलो आहे’ असे म्हणतो, पण ‘ऐक’ या धातूला थेट ‘कडे’ जोडू शकत नाही. आधी ‘ऐकणे’ असे नाम करावे लागते, तेव्हा कुठे ‘ऐकण्याकडे’ हे रूप मिळते. ‘हिअरिंग’ हे तसेच धातूपासून झालेले नाम आहे.

शंका आली, तर क्रियापदाच्या जागी ‘युअर रिप्लाय’ ठेवून वाचावे. ‘आय लुक फॉरवर्ड टु युअर रिप्लाय’ हे वाक्य नीट उभे राहते. ‘आय वाँट टु युअर रिप्लाय’ हे तिथेच मोडते. जिथे नाम बसते, तिथे क्रियापदाचे ‘इंग’ लागलेले रूप वापरावे. माझ्या मते ही कसोटी पाठ केलेल्या नियमापेक्षा अधिक भरवशाची आहे, कारण ती इतरत्रही उपयोगी पडते : ‘आय यूज्ड टु राइट’ म्हणजे ‘मी पूर्वी लिहीत असे’, तर ‘आय ॲम यूज्ड टु रायटिंग’ म्हणजे ‘मला लिहिण्याची सवय आहे’.

‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ हेही शुद्धच आहे, फक्त त्यात जवळीक अधिक असल्यामुळे औपचारिक पत्रात ‘आय लुक फॉरवर्ड’ बरे दिसते. ‘आय ॲम लुक फॉरवर्ड’ मात्र सरळ चूक आहे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. या शब्दप्रयोगात नुसती प्रतीक्षा नसते, आनंदाची उत्सुकता असते. म्हणून तक्रारीच्या पत्रात तो खटकतो. तिथे ‘आय अवेट युअर रिप्लाय’ लिहावे, आणि ‘अवेट’च्या पुढे ‘फॉर’ जोडू नये.