एक घर, दोन मेळावे

प्रश्न : ताई, १९६६ साली शिवाजी पार्कवर शिवसेनेचा पहिला मेळावा झाला, तेव्हा माझे सासरे अठरा वर्षांचे होते आणि गर्दीत उभे होते. आज ते ठाकऱ्यांबरोबर आहेत, दीर शिंद्यांबरोबर. ५ ऑक्टोबर २०२२ च्या दसऱ्याला सासरे शिवाजी पार्कला गेले, दीर बीकेसीला. तेव्हापासून ‘गद्दार’ आणि ‘खोके’ याशिवाय बोलणं नाही. गेल्या गणपतीत आरती अर्ध्यावर टाकून दीर निघून गेले. मी कुणाची बाजू घेऊ?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : मत तुमचं, ते हवं त्याला द्या. घरात मात्र पंच होऊ नका. पंच झालात की दोघंही तुम्हालाच मोबाईलवरचे व्हिडिओ दाखवत बसतील.

माझे वडील परळच्या गिरणीत होते, लाल बावट्याचे. सख्खे काका त्याच गिरणीत, पण शिवसैनिक. चाळीत खोल्या समोरासमोर, तरी दोघांत कित्येक वर्षं अबोला. साखरेची वाटी आई आणि काकूच इकडून तिकडे न्यायच्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि दोघंही घरी बसले. पावसाळ्यात एका संध्याकाळी काका आमच्या दारात येऊन म्हणाले, “दादा, आमचं तुला काय खुपतं ते आज सांग. मी मधे बोलणार नाही.” वडील तासभर बोलले, काका तंबाखू मळत बसले होते. शेवटी एवढंच म्हणाले, “म्हणजे आमच्यामुळे कामगार फुटला, असं तुला वाटतं.” वडील म्हणाले, “हो. हेच.”

दुसऱ्या दिवशी वडिलांनी विचारलं, “आता तुझं सांग.” मॅट्रिक होऊन काकांनी तीन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते, कुणी दारात उभं केलं नव्हतं. शाखेत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना नावानं हाक मारली. सख्ख्या भावाला हे ठाऊक नव्हतं! मतं दोघांनी शेवटपर्यंत वेगवेगळीच दिली. अबोला मात्र संपला.

म्हणून नेत्यांबद्दल विचारू नका, त्यांचं स्वतःचं विचारा. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. ती रात्र सासऱ्यांनी कशी काढली? २०१९ च्या नोव्हेंबरात काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सरकार आलं, तेव्हा दिरांना काय वाटलं? दोघांना वेगवेगळं गाठा आणि ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत त्यांना परत सांगा. ते ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत आपलं मत मधे घालू नका. मला तरी हे फार जड जातं, पण दुसरी वाट मला सापडलेली नाही.

आणि ‘गद्दार’, ‘खोके’ हे दोन शब्द ताटावर नकोत. इथे मी कुणाची भीड धरणार नाही. राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं होतं. तुमच्या घरातली आरती त्याच भक्तीनं मोडली.

सुरुवात सासऱ्यांपासून करा. त्या पहिल्या मेळाव्याची गोष्ट दिरांनी लहानपणी त्यांच्याच मांडीवर बसून ऐकली असणार. ती त्यांना पुन्हा सांगायला लावा, दीर घरात असताना.