सणक, कळ आणि ठणका

प्रश्न असा आला आहे: सणक, कळ आणि ठणका या तिन्ही शब्दांचा अर्थ 'वेदना'च ना? मग एकाच्या जागी दुसरा चालेल का?

नाही चालणार. दाढ ठणकते, पण मुरडा आला की पोट ठणकत नाही, कळ येते. खरचटलेला गुडघा यांपैकी काहीच करत नाही, तो चुरचुरतो. शिवाय क्रियापदं पाहा. सणक जाते, कळ येते-जाते-उठते, ठणका मात्र 'लागतो' आणि लागून राहतो. दुखण्याची चाल क्रियापदातच पकडलेली आहे, आणि ती शरीरशास्त्राशी बऱ्यापैकी जुळते.

पायाच्या अंगठ्याला ठेच लागली तर काय होतं? आधी सणकन जातं. अंगठा नेमका कुठे लागला ते त्याच क्षणी कळतं. मग जरा दम खाऊन दुसरं दुखणं येतं: बोथट, आग होणारं, पसरलेलं. ठेच एक, पण निरोप दोन तारांनी जातो. पहिली तार म्हणजे मायलिन या चरबीयुक्त द्रव्याचं पातळ वेष्टण असलेले ए-डेल्टा मज्जातंतू, वेग सेकंदाला 5 ते 30 मीटर. दुसरी म्हणजे वेष्टण नसलेले सी तंतू. त्यांचा वेग जेमतेम अर्धा ते दोन मीटर. अंगठ्यापासून मेरुरज्जू साधारण मीटरभर लांब, त्यामुळे दोन निरोपांमधली फट आपल्याला चक्क जाणवते. तंतूंचे हे भेद शोधणाऱ्या अर्लँगर आणि गॅसर यांना 1944 चं नोबेल मिळालं. 'सणकन' हा पहिल्या तारेचा शब्द.

कळेचं प्रकरण निराळं. आतडं कापलं तरी फारसं दुखत नाही, पण ताणलं किंवा जोरात आवळलं गेलं की जीव कासावीस होतो. स्नायू आवळतो आणि सैल पडतो, म्हणून कळा लाटांनी येतात. प्रसूतीच्या तर अनेकवचनातच. आतल्या अवयवांना संवेदी तंतू विरळ असतात. त्यामुळे कुठे दुखतंय विचारलं की माणूस बोट ठेवत नाही, सगळ्या पोटावरून तळहात फिरवतो. (कोपर आपटल्यावर 'कळ मस्तकात गेली' म्हणतो, ती मात्र दाबल्या गेलेल्या नसेची, अपवादच म्हणा.)

ठणका सुजेचा. सुजलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं तयार होतात आणि वेदनाग्राहींचा, म्हणजे वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांचा, उंबरठा खाली येतो. मग नुसता धक्का लागला तरी गळू ठणकतं.

डॉक्टरांनाही हे भेद हवे असतात. 1975 मध्ये मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदना मोजण्यासाठी प्रश्नावली केली, तीत 20 गटांत 78 वर्णनपर शब्द आहेत. मराठीत तशी यादी करायची तर ठुसठुस, हुळहुळ, चमक, उसण यांनाही स्वतंत्र जागा द्यावी लागेल. चमक सणकेच्या जवळची. उसण मात्र आखडलेल्या स्नायूची, भरली की वळू देत नाही.