पोच घेतल्याशिवाय परत फिरू नकोस

पोरी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, गावातल्याच माणसांशी पगारावरून भांडायचं कसं?" ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

भांडू नकोस, अर्ज दे. तुझ्यासारख्या ग्रामपंचायतीच्या लिपिकाला किमान वेतन आणि राहणीमान भत्ता लागू आहे, हे ग्रामसेवकांनाही ठाऊक आहे. ते तोंडी सांगतात, "वसुली नाही, देऊ कुठून?" पगारातला शासनाचा हिस्सा करवसुलीशी बांधलाय, ही त्यांची अडचण खरीच. पण नमुना ९ मधली, म्हणजे करमागणीच्या नोंदवहीतली थकबाकी गावाची आहे, तुझी नव्हे. राजस्थानातल्या दुष्काळी कामावरच्या मजुरांच्या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्याला वेठबिगारच म्हटलं. तिथं दुष्काळाची सबब चालली नाही, मग घरपट्टीची कशी चालेल? त्यांचं हे उत्तरही लेखी माग. अर्ज दोन प्रतींत, आवक क्रमांक, शिक्का, तारीख.

आवक नोंदवही तर तूच लिहितेस! गावातल्या प्रत्येकाच्या अर्जाला पोच देतेस आणि स्वतःचा एक अर्ज लिहायला संकोचतेस, याचा मला राग येतो.

राग येतो, कारण मीही तोंडीच मागत राहिलो. रेव्हेन्यू तिकिटावर पुऱ्या रकमेची सही करायची आणि हातात कमी घ्यायचे. "पुढच्या महिन्यात बघू" या शब्दावर दोन वर्षं घालवली. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात दाव्याची मुदत सहा महिन्यांची होती. दावा केला तेव्हा उशीर का झाला ते दाखवा, म्हणाले. माझ्याकडे एकही पोच नव्हती. होती ती पगारपत्रकावरची माझीच सही, आणि तीच माझ्याविरुद्ध गेली.

त्यानंतर मी कागदाशिवाय बोललो नाही. लोक हेकट म्हणाले, घरचेही म्हणाले. म्हणू देत. पुढचा पगाराचा फरक त्या हेकटपणामुळेच पदरात पडला, आणि माझ्यानंतर लागलेल्या शिपायाला पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार मिळाला. यात माझं काय चुकलं, हे अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

त्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या वेतन संहितेत दाव्याची मुदत ३ वर्षांची झाली आहे. म्हणून निवांत बसू नकोस. मासिक सभेआधी अर्ज दे, पोच घे. आणि या महिन्यापासून हातात येईल तेवढ्याच रकमेवर सही कर. नाही म्हणाले, तर तेही लेखी माग.

मसुदा आज रात्रीच पाठव. तारखा मी तपासतो.

तुझा काका