आरपीजी गेममध्ये लढाई महत्त्वाची की गोष्ट? एक्सपी कशाचे मिळतात ते बघा

तुमचा प्रश्न असा: आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) खेळायला सुरुवात करायची आहे. मित्र म्हणतो ‘विचर ३’ घे, स्टोरी जबरदस्त आहे. धाकटा भाऊ म्हणतो ‘डार्क सोल्स’ घे, खरी मजा फाइटमध्ये. नोकरीमुळे रोज जेमतेम तासभर मिळतो. तर या प्रकारात जास्त महत्त्वाचं काय, आणि आधी काय घ्यावं?

माझं मत गोष्टीच्या बाजूने. पण गोष्ट म्हणजे मधेमधे लागणारे कटसीन (नुसते बघायचे सिनेमासारखे प्रसंग) असं मी धरत नाही. तुम्ही जे पात्र घेतलंय त्याने जसं वागावं असं तुम्हाला वाटतं, तसं गेम वागू देतो का, आणि त्या वागण्याची फळं पुढे तुमच्या पदरात टाकतो का, हे मी बघतो. ट्रेलरवरून यातलं काही कळत नाही. मी एकच गोष्ट तपासतो: हा गेम एक्सपी, म्हणजे पात्राची लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण, कशाचे देतो? मालक पगार कशाचा देतो ते कळलं की कामाचं स्वरूप कळतं.

या प्रकाराचा जन्मच मुळात लढाईतून झालाय. टेबलावर छोटे सैनिक मांडून युद्ध युद्ध खेळणाऱ्या अमेरिकन हौशी मंडळींपैकी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर बसून खेळायचा आरपीजी काढला. त्याआधी १९७१ मध्ये आलेल्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाचे नियम त्याच्या पायाशी होते. आता गंमत बघा. त्या सुरुवातीच्या वर्षांत लवकरच अशी व्यवस्था रुळली की अनुभवाच्या गुणांचा मोठा वाटा राक्षस मारून नव्हे, खजिना आणून मिळायचा. सोन्याचं एक नाणं बाहेर काढलं की एक गुण. मग शहाणा खेळाडू काय करणार? ड्रॅगन घोरत असताना पोतं भरून पसार होणार. लढायची वेळ आली म्हणजे बेत कुठेतरी फसला.

हा खेळ कॉम्प्युटरवर आला तेव्हा अडचण झाली. टेबलावर तुम्ही पहारेकऱ्याला थापा मारल्यात तर त्याचं काय होईल हे समोर बसलेला, खेळ चालवणारा माणूस ठरवायचा. तेव्हाच्या मशीनला ते झेपणारं नव्हतं. कोणाचा वार कोणाला किती लागला, हे गणित मात्र उत्तम जमायचं. त्यामुळे १९८१ च्या ‘विझर्ड्री’च्या काळापासून साचा ठरून गेला: मारा, एक्सपी घ्या, लेव्हल वाढवा, आणखी मोठ्या राक्षसाला मारा. लढाई की गोष्ट हा वाद आज आपण घालतो त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. मशीनच्या एका जुन्या मर्यादेची पुढे परंपरा झाली.

हा साचा मोडायला निघालेला आणि शेवटी त्यातच अडकलेला एक गेम मला फार आवडतो: २००४ चा ‘व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’. तुम्ही लॉस एंजेलिसमधले नवेकोरे व्हँपायर. कोणाला मारल्याबद्दल इथे एकही एक्सपी मिळत नाही. जे मिळतात ते काम फत्ते केल्याचे. रखवालदाराला गोड बोलून गुंडाळा, मागच्या खिडकीतून शिरा किंवा त्याचा निकाल लावा, हिशेब सारखाच. या एका नियमाने खेळायची पद्धतच पालटते. तुम्ही माणसांकडे एक्सपीची थैली म्हणून बघणं थांबवता आणि त्यांचं बोलणं ऐकायला लागता. त्यातलं ओशन हाउस हॉटेल आठवलं की अजूनही पाठीतून शिरशिरी जाते. भुताटकीने झपाटलेलं जुनं हॉटेल आणि त्यात मारायला एकही शत्रू नाही. दिवे फुटतात, भांडी अंगावर येतात, लिफ्ट कोसळते. तुम्ही स्वतः रक्त पिणारे व्हँपायर, तरी घाबरून भिंतीला चिकटून चालताय.

आणि याच गेमच्या उत्तरार्धात हॉलिवूडखालची गटारं येतात. बोगद्यामागून बोगदे, सरपटणारे विद्रूप प्राणी, आणि पुढे शेवटपर्यंत लढायांची रांग. ज्याने सगळे गुण बोलण्यावर, भुरळ घालण्यावर खर्च केलेत त्याचे इथे हाल होतात. लग्नाला बोलावून दारातच कुस्तीचा आखाडा दाखवावा तसला प्रकार. या लढाया कंटाळवाण्या आहेतच, पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. वीस तास गेम म्हणत होता की तू कसा माणूस आहेस ते तूच ठरव, आणि अखेरीस म्हणतो की ते राहू दे, तलवार काढ.

‘डेऊस एक्स: ह्युमन रेव्होल्यूशन’चं २०११ मध्ये असंच झालं. लपूनछपून, कोणालाही न मारता खेळता येणारा गेम; पण बॉस, म्हणजे टप्प्याटप्प्यावरचे मोठे शत्रू, मात्र समोरासमोर मारावेच लागायचे. त्या बॉसलढायांचं काम बाहेरच्या कंपनीकडून करून घेतलं होतं, आणि ते दिसायचंही. लोकांनी इतकी ओरड केली की २०१३ च्या ‘डायरेक्टर्स कट’ या सुधारित आवृत्तीत त्या लढायांत इतर मार्ग घालून द्यावे लागले. मूळ गोष्ट न बदलता गेम सुधारला, कारण दुखणं लढाई आणि पात्र यांच्या सांध्यात होतं.

आता तुमच्या भावाच्या बाजूने बोलतो, कारण तो काही चुकीचं सांगत नाहीये. ‘डार्क सोल्स’मध्ये सिफ नावाचा एक महाकाय लांडगा आहे. (हा परिच्छेद आणि पुढचा परिच्छेद यांत गोष्ट फुटणार आहे, नको असेल तर उडी मारा.) आपल्या मेलेल्या मालकाच्या, आर्टोरियसच्या थडग्यावर तो पहारा देतो, मालकाचीच तलवार तोंडात धरून. तुम्हाला पुढे जायला जी अंगठी लागते ती तिथेच आहे, म्हणून लढणं भाग. सिफचं थोडंच रक्त उरलं की तो लंगडायला लागतो. तलवार फिरवायला जातो आणि स्वतःच तोल जाऊन पडतो. तरी थडगं सोडत नाही. एकही संवाद नाही, संगीताशिवाय काही नाही, आणि शेवटचा घाव तुमच्या बोटाने, तुम्ही बटण दाबाल तेव्हा. असं दुःख मला कोणत्याही कटसीनने दिलेलं नाही. पण नीट विचार करा: निव्वळ लढाई म्हणून बघितलं तर हा फसलेला बॉस आहे. अखेरीला बॉसने आणखी खवळायला हवं, हा दुबळा होतो, जिंकणं सोपं होतं. हे करणाऱ्यांनी लढाईची चुरस हातची घालवली आणि बदल्यात गोष्ट घेतली. म्हणूनच भावाचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं.

मित्राच्या ‘विचर ३’मध्ये बरोबर उलटं आहे. लढाई ठीकठाक. डॉज करा, दोन वार घाला, एखादी जादू फेका. तीस तासांनंतर हात आपोआप चालतात. एक्सपी मुख्यतः क्वेस्टचे, म्हणजे सोपवलेल्या कामांचे मिळतात, राक्षस मारल्याचे चिल्लर. पण वेलेन प्रांतातला ब्लडी बॅरनचा भाग घ्या. दारुडा, बायकोला मारणारा माणूस. त्याचं न जन्मलेलं मूल नीट मूठमाती न मिळाल्याने पिशाच झालंय. तुम्ही त्या पिशाचाला सरळ कापून काढू शकता. किंवा बॅरनला सांगू शकता की त्याला हातात उचलून घे, घरापर्यंत चल, उंबऱ्याशी पूर आणि नाव ठेव. दुसरा रस्ता घेतला की बॅरन ते वळवळणारं पोर छातीशी धरून चालतोय, भोवती भुतं चालून येतायत, आणि तुम्हाला भुतांशी लढायचंय आणि मधेच पोराला जादूने शांतही करायचंय. तलवार तीच, बटणं तीच, पण इथे हात आपोआप चालत नाहीत. त्याच प्रांतात एका टेकडीत कोंडलेल्या आत्म्याला मारायचं की सोडायचं हेही तुम्ही ठरवता, आणि बॅरनच्या बायकोचं, बॅरनचं आणि काही अनाथ पोरांचं काय होतं ते त्यावर ठरतं. दोन्ही रस्त्यांवर कोणीतरी जीवानिशी जातंच.

निव्वळ लढाईसाठी खेळणाऱ्यांना मी नाक मुरडत नाही. ‘डायब्लो २’ची गोष्ट विचारली तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, तरी २००० सालचा तो गेम लोक अजून खेळतात, नवं बिल्ड (पात्राच्या कौशल्यांची आणि हत्यारांची जुळणी) जमवायचं आणि ते चालतं का बघायचं, हीच त्यांची करमणूक. डायब्लो प्रामाणिक आहे: एक्सपी मारण्याचे, आणि तो मारामारीच देतो. दुसऱ्या टोकाला २०१९ चा ‘डिस्को एलिसियम’. त्यात लढाईची वेगळी व्यवस्थाच नाही, दोन फासे टाका आणि बघा. छताच्या पंख्यावर अडकलेला स्वतःचा टाय काढताना हार्ट अटॅकने मरण्याची सोय मात्र आहे. दोघेही आपापल्या शब्दाला जागतात, म्हणून दोघेही चालतात.

दोन्ही गोष्टी एकत्र जमवलेला अलीकडचा गेम विचाराल तर २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’. त्याच्या दुसऱ्या अंकात थॉर्म घराण्यातले तीन बॉस असे आहेत की त्यांना नुसतं बोलून संपवता येतं. एकाला पाजत राहायचं, फुटेपर्यंत. दुसरा शल्यविशारद, त्याच्या नर्सना त्याच्यावरच हात साफ करायला लावायचं. एक्सपी बोलून मारल्याचेही मिळतात. लढायचं असेल तर लढा, टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने चाली करायच्या असल्याने घाई कसली नाही, तेलाची पिंपं पेटवा, शत्रूला कड्यावरून ढकला. मात्र गेम अवाढव्य आहे, आणि रोज तासभरात एकेक लढाईच तास खाते.

एक मुद्दा या वादात कोणी काढत नाही, तो भाषेचा. यातला एकही गेम मराठीत नाही. लढाईला इंग्रजी लागत नाही. गोष्टीला लागतं, आणि ‘डिस्को एलिसियम’ला तर असं लागतं की इंग्रजी माध्यमात शिकलेलेही मधेच थांबून शब्द शोधतात. आपल्याकडे अनेक जण ‘स्टोरी बोअर आहे’ म्हणून संवाद स्किप करतात, त्यातल्या काहींना स्टोरी बोअर नसते, वाचायचा वेग पुरत नसतो. ‘विचर ३’ या बाबतीत सोपा. सगळे संवाद बोललेले आहेत, सबटायटल लावता येतात, आणि माणसं बोलतात ती साधी, शिवराळ भाषा.

तर तुम्ही काय घ्यावं? रोजच्या एका तासासाठी ‘विचर ३’. कठीणपणाची सर्वांत खालची पातळी निवडा. तिचं नावच ‘जस्ट द स्टोरी’ आहे, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर मेनूतच ठेवलेलं आहे. लढाई फारच मिळमिळीत वाटली तर पातळी मधेच वाढवता येते. सुरुवातीचा व्हाइट ऑर्चर्डचा भाग संथ आहे, ग्रिफिन मारेपर्यंत धीर धरा, आणि बॅरन येईपर्यंत मत बनवू नका. ‘डार्क सोल्स’ तासाभरात बसवणं अवघड: मेनू उघडला तरी गेम थांबत नाही, आणि एका बॉसपाशी आठवडा जाऊ शकतो.

तरी भावाचंही मन राखायचं असेल तर एक करा. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचे २ तास भरायच्या आधी पैसे परत मागता येतात. हे २ तास ‘विचर’च्या काही कामाचे नाहीत, तेवढ्यात बॅरनचं तोंडही दिसणार नाही. ‘डार्क सोल्स’ला ते पुरतात. पहिला बॉस समोर येतो तेव्हा तुमच्या हातात तुटक्या तलवारीची नुसती मूठ असते, आणि करायचं एवढंच की बाजूच्या दारातून पळ काढायचा. पळालात, नीट हत्यार घेऊन परत आलात, पुन्हा मेलात आणि तरी ‘अजून एकदा’ म्हणालात, तर तो गेम ठेवा. नाहीतर पैसे परत घ्या आणि भावाला सांगा की बघितला.