नाशकातल्या आमच्या वाड्याच्या माडीवरची फळ्यांची जमीन कुरकुरते, खिडकीजवळच्या दोन फळ्या भुसभुशीत झाल्यात, भेगाही पडल्यात. दुरुस्तीला कोणती हत्यारं घेऊ? सँडर (लाकूड घासायचं मशीन) विकत घ्यावा का?

सँडर आत्ता विकत घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारी, म्हणजे कुरकुर, खिडकीजवळच्या दोन भुसभुशीत फळ्या आणि भेगा, घासून जाणाऱ्या नाहीत. घासकाम शेवटी, तेव्हा मशीन भाड्यानं आणा.

कुरकुर शोधायला एकानं वर चालायचं, दुसऱ्यानं खालून कडीपाटाकडे, म्हणजे फळ्या आणि त्यांना तोलणाऱ्या आडव्या तुळयांकडे (कड्यांकडे) बघायचं. पाय पडला की फळी कडीवर दबते, उचलला की वर येते; खिळा सैल झालेला असतो आणि फळी त्यावर घासते. त्याच भोकात जाडा खिळा ठोकून भागत नाही. इंचभर जाडीच्या फळीला अडीच इंची, ८ नंबरचा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घ्या. फळीत साडेचार मिमीचं भोक, खाली कडीत ३ मिमीचं. दोन्हीकडे ३ चं पाडलंत तर स्क्रूचे आटे फळीतच धरतात आणि मधली फट तशीच राहते; कितीही पिळा. जुनं सागवान कडक असतं, भोकाशिवाय स्क्रू चढवला तर मुंडी तुटते किंवा फळीचं टोक चिरतं. आट्यांना साबण चोळा.

भुसभुशीत फळीत पेचकस खुपसून बघा. सागाचा गाभा वाळवी सहसा सोडते, कडेचा फिकट भाग खाते, त्यामुळे कधी कधी कडेची पट्टी बदलूनही भागतं. कडी भिंतीत शिरते तिथेही टोचा. तिथे मऊ लागलं तर फळ्या राहू द्या, आधी जाणता सुतार बोलवा. आणि खिडकीतून किंवा कौलातून येणारं पाणी थांबवल्याशिवाय नवी फळी बसवणं फुकट.

कापायला सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेची करवत) नको, जुने खिळे पात्याचे दात घालवतात. लाकूड-लोखंड दोन्ही कापणारं पातं लावून मल्टिटूल (थरथरत्या छोट्या पात्याचं विजेचं हत्यार) वापरा, फळी कडीला लागून कापा. मग कडीच्या बाजूला दीड बाय दीड इंची सागवानी पट्टी स्क्रूनं आवळा. नवा तुकडा तिच्यावर टेकतो. उतरवलेल्या वाड्याचं सागवान मिळालं तर उत्तम, वाळून बसलेलं असतं. रंधा मारण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा.

भेगांत भुसा-फेविकॉल भरू नका. नाशकात लाकूड पावसाळ्यात फुगतं, वैशाखात आकसतं. असं कडक भरण तडकून निघतं. पाच मिमीपेक्षा मोठ्या भेगेत सागवानी चीप (पातळ पट्टी) बसवा, गोंद एकाच बाजूला. बारीक भेगा तशाच राहू द्या. काम डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. मे महिन्यात फळ्या घट्ट बसवल्यात तर आषाढात त्या मधूनच उचलतील; तेव्हाच करायचं असेल तर दर फळीमागे एक-दीड मिमी फट सोडा.

शेवटी जवसाचं तेल देणार असाल तर पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या बाहेर दोरीवर एकेक पसरा.