सप्लायरचा जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) रिपोर्ट असेल तर लेमनग्रास तेल शुद्ध आहे असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात घरी साबण बनवता, लेमनग्रास तेलाच्या रिपोर्टवर सिट्रल (लिंबासारखा वास देणारा मुख्य घटक) ७६% आहे आणि हळदीचा एक्स्ट्रॅक्ट पण त्याच माणसाकडून घेता. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये जीसीवर, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर बसते, म्हणून सरळ सांगते, त्या एका आकड्यावर तेल घेऊ नका.

कसंय, थेंबाहूनही कितीतरी कमी तेल २५० डिग्रीच्या इंजेक्टरमध्ये जातं, त्यातलं जेवढं वाफ होऊन कॉलममधून (लांब बारीक नळीतून) पुढे जातं तेवढ्याचेच पीक (आलेखावरचे उंचवटे) येतात आणि टक्के काढतात ते त्या पीक्सवरच. वर्गात ४० मुलं, आली ३०, आणि सगळे टक्के त्या ३० वरच काढले, तसं. एरंडेल किंवा सोयाबीन तेल मिसळलं असेल तर त्याची वाफ होत नाही, ते गैरहजरच राहतं, आणि सिट्रल जसंच्या तसं ७६ दिसतं!

आमच्याकडे असंच एक सॅम्पल आलेलं. रिपोर्ट स्वच्छ, मी सही करायला निघालेले. पण त्यानंतरच्या सॅम्पल्सचे पीक शेपटी सोडायला लागले म्हणून लायनर (इंजेक्टरमधली काचेची नळी) काढून बघितला तर आतलं ग्लास वूल तपकिरी, बोटाला काकवीसारखं चिकटणारं. मग तेच तेल काचेच्या डिशमध्ये वजन करून वॉटर बाथवर दिवसभर ठेवलं, तरी तळाशी जाड थर, वजन केलं तर जवळजवळ पाव भाग तसाच शिल्लक. तेव्हापासून मी हे केल्याशिवाय लेमनग्रासवर सही करत नाही.

घरी करायचं तर फिल्टर पेपरवर एक थेंब टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा, भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक डाग राहिला तर शंका घ्या. पण हे चंदन, खस, पॅचौलीला लावू नका, ती खरी असली तरी रेंगाळतात, आणि जुनं लेमनग्रासही थोडं चिकट होतं.

तेल पातळ करायला डायइथाइल थॅलेट हे द्रावक मिसळलं असेल तर त्याचं उलटं आहे, वास नसतो, कागदावर पटकन कळत नाही, पण जीसी-एमएसवर (जीसीला जोडलेलं, घटक ओळखणारं मास स्पेक्ट्रोमीटर) त्याची खूण असलेला १४९ चा आयन लगेच दिसतो. आणि लॅबमध्ये बनवलेलं सिट्रल घातलं असेल तर बारीक पीक बघावे लागतात, जेरॅनिऑल, मिथाइल हेप्टेनोन वगैरे, ते फारच कमी असतील तर मला पटत नाही. लॅव्हेंडर घ्याल तेव्हा मात्र कायरल जीसी (रेणूची डावी-उजवी रूपं वेगळी दाखवणारी) मागा, कारण खऱ्या तेलातलं लिनालूल हा सुगंधी घटक जवळजवळ सगळा एकाच हाताचा असतो आणि सिंथेटिकमध्ये निम्मं-निम्मं.

हळदीच्या एक्स्ट्रॅक्टचा प्रश्न वेगळाय. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट लावतात, ते शिसं जीसीला कधीच दिसणार नाही, त्यासाठी आयसीपी-एमएस (धातू मोजणारी वेगळी टेस्ट) लागतं. आणि एक्स्ट्रॅक्ट हेक्झेन या द्रावकाने काढला असेल तर उरलेलं हेक्झेन बघायला हेडस्पेस जीसी (सॅम्पलवरची वाफ तपासणारी), औषधांसाठी त्याची मर्यादा २९० पीपीएम आहे.

लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) बघा, पण नुसता लोगो नाही, तुमची टेस्ट त्यांच्या स्कोपमध्ये (मान्यता मिळालेल्या टेस्टच्या यादीत) आहे का तेही विचारा. सॅम्पल सप्लायरने पाठवलेल्या छोट्या बाटलीतलं नको, तुमच्याकडे आलेल्या सीलबंद कॅनमधून स्वतः काढा आणि काचेच्या गडद बाटलीत द्या, प्लॅस्टिकच्या नाही, नाहीतर प्लॅस्टिकमधलंच थॅलेट तेलात उतरतं आणि उगाच सप्लायरवर आळ येतो.