कॅलिफोर्नियात बंदूक हस्तांतरित करताना नोंदीची काळजी

कॅलिफोर्नियात बंदूक ओळखीच्या माणसाला विकायची असली, तरी ती परस्पर हातात देता येत नाही, ही गोष्ट आपण सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. विकणारा आणि घेणारा अशा दोघांनाही परवानाधारक विक्रेत्याकडे जावे लागते, तो दोघांची ओळख व बंदुकीचा तपशील संगणकाद्वारे राज्याच्या न्याय विभागाला कळवतो आणि 10 दिवसांची मुदत संपून मंजुरी मिळेपर्यंत बंदूक स्वतःकडेच ठेवतो. त्या वेळी अनुक्रमांक पावतीवरून उतरवू नका. बंदुकीवर कोरलेला आकडा उजेडात धरून अक्षर न् अक्षर ताडून पाहा, कारण झिजलेल्या धातूवर 8 आणि ‘बी’ सहज सारखे दिसतात आणि चुकीची नोंद पुढे निस्तरणे फार जिकिरीचे होते.

वडिलांकडून मुलाकडे बंदूक येताना विक्रेता लागत नाही. मात्र मुलाने बंदूक घेण्यासाठी लागणारे सुरक्षा प्रमाणपत्र आधीच मिळवलेले असावे आणि 30 दिवसांत विभागाला अहवाल द्यावा. भावाभावांना ही सवलत नाही, आणि नवखे नेमके इथेच फसतात. बंदूक हरवल्यास किंवा चोरीला गेल्यास 5 दिवसांत पोलिसांना कळवा.